वेग आणि जोर

आमच्या घराच्या मागील पडवींत लांकूड कातण्याचें एक जुनें विलायती यंत्र, कारागिरांच्या भाषेंत लेथ, साठांहून अधिक वर्षें उभें आहे. वडिलांनीं तें १९५८ सालीं एका लिलावांत घेतलें. पेशानें ते शिक्षक. परंतु शाळा सुटल्यावर त्यांचा खरा संसार त्या यंत्रापुढें मांडलेला असे. लाटणीं, भोंवरे, चौरंगाचे पाय एवढीच त्यांची निर्मिति. मोठें असें त्यांनीं कधीं कांहीं कातलें नाहीं. त्याचें कारण आम्हांस त्यांच्या पश्चात् कळलें, आणि तें कळण्यासाठीं त्यांची मोटार आम्हांस जाळावी लागली.

झालें असें कीं, गतवर्षीं आईची काठवट तडकली आणि नवी आपण स्वतः कातून द्यावी अशी हौस आम्हांस वाटली. ह्या यंत्राच्या मोटारीवर एक आणि लांकूड फिरविणाऱ्या दांड्यावर एक अशा चार-चार पायऱ्यांच्या दोन पुल्या आहेत. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर सरकविला कीं फेरे बदलतात. सर्वांत मंद मिनिटास ७००, सर्वांत जलद २,८००. आतां ७०० ला मंद म्हणावयाचें कीं नाहीं, हें पुढें काय लावलें आहे त्यावर अवलंबून. इंचभर जाडीच्या लाटण्याची कड ७०० फेऱ्यांत १८३ फूट धांवते. १२ इंची ठोकळ्याची कड तेवढ्याच वेळांत सुमारें २,२०० फूट! शिवाय ठोकळा अद्याप गोल झालेला नसतो, त्याची एक बाजू जड असते. आम्हीं एकदां कळ दाबून पाहिली मात्र, यंत्र, त्याखालचा बांक आणि भिंतीवरचीं हत्यारें एकदम बोलूं लागलीं.

घरांतला पंखा रेग्युलेटरनें हळू होतो, तर मोटार कां होऊं नये, असा तर्क आम्हीं केला. वर्गांत ह्या तर्कास आम्हीं बरे गुण दिले असते. रेग्युलेटर बसविला, मोटार थोडी मंदावली, आम्ही हर्षित झालों, आणि पटाशी लांकडास टेंकवितांच आंतून एक करकर ऐकूं आली व पाठोपाठ धूर आला. आई स्वयंपाकघरांतून म्हणाली, "ह्यांच्या मोटारीचा वास येतोय का रे?"

मोटारी भरून देणारे कारागीर वयानें आमच्या विद्यार्थ्यांएवढे. जळकें वेटोळें हातांत घेऊन ते म्हणाले, "सर, हिचा दाब कमी केला कीं ती हळू होत नाहीं, हैराण होते." मग त्यांनीं समजाविलें तें असें. घरगुती, एका फेजवर चालणाऱ्या ह्या मोटारीस उठावयास दुसऱ्या एका वेटोळ्याचा आधार लागतो. वेग पाऊणएक झाला कीं आंतील वजनें बाहेर फेंकलीं जाऊन एक खटका तें वेटोळें तोडतो. आम्हीं दाब कमी केला, वर लांकडाचा भार घातला. वेग पडला, खटका पुन्हां जुळला, आणि क्षणभरासाठीं केलेलें तें वेटोळें सतत विद्युत् वाहत जळालें.

ह्या जातीच्या मोटारीचा वेग मुख्यतः विजेच्या वारंवारतेशीं बांधलेला असतो. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. तींत चार ध्रुवांची मोटार १,५०० फेऱ्यांच्या पाठीमागें धांवते आणि १,४४० च्या आसपास राहते. टेस्ला यांनीं १८८८ मध्यें पेटंट घेतलें तेव्हांपासूनचा हा तिचा जन्मस्वभाव. ज्यांस वेग कमीजास्त हवा असे त्यांनीं पुल्या वापराव्या, नाहीं तर १८९१ च्या वॉर्ड लेनर्ड पद्धतीप्रमाणें एका मोटारीसाठीं आणखी दोन यंत्रें फिरवीत बसावें. आज तें काम ड्राइव्ह नांवाची एक पेटी करते. घरची वीज ती आधीं एकमार्गी करते, मग तिचे बारीक तुकडे पाडून हव्या त्या वारंवारतेची तीन फेजांची वीज घडविते, आणि वारंवारता उतरली कीं दाबही त्याच प्रमाणांत उतरविते. मोटार मात्र तीन फेजांची लागते. आम्ही एक अश्वशक्तीची आणली. ती ४१५ व्होल्टची, पेटी देणार २३०. म्हणून त्याच कारागिरांनीं तिचीं सहा टोंकें बाहेर काढून जोडणी स्टारची डेल्टा करून दिली.

आतां वडिलांच्या पुल्या निरुपयोगी झाल्या, असें आम्हांस वाटलें! पट्टा सर्वांत जलद पायरीवर ठेवून आम्हीं पेटीचें बटण ५ हर्ट्झपर्यंत उतरविलें. हिशेबानें २८० फेरे. ठोकळा डौलांत फिरूं लागला, पटाशी लागतांच थांबला. पुन्हां फिरला, पुन्हां थांबला. मोटारीचा पीळ वारंवारतेबरोबर वाढत नाहीं. पट्टा मंद पायरीवर आणला तर तो दांड्यावर चौपट होतो. पट्टा ७०० च्या पायरीवर व पेटी २० हर्ट्झवर ठेवली तेव्हां तेच २८० फेरे मिळाले, पण आतां त्यांत जोर होता. मोटारीचा पंखाही तिच्याच दांड्यावर असतो. ५ हर्ट्झवर तो नांवालाच हालतो आणि मोटार तापते, तें निराळेंच.

जुना कातारी हा हिशेब हातानेंच करी. धनुकलीची दोरी ओढतांना लांकूड अडलें कीं हात आपोआप दबे, वेग आणि जोर एकाच मनगटांत असत. सावंतवाडीच्या लाखकामांत फिरत्या लांकडावर लाखेची कांडी टेंकतात आणि घर्षणाच्या उबेनें लाख चढते. तेथेंही फिरणें किती आणि दाबणें किती हें सांगावयास कोणती तबकडी लागत नसे. आमच्या पेटीवर आंकडे तांबडे चमकतात, तरी आमचा हात अद्याप अडाणीच आहे.

पट्ट्याच्या झांकणाच्या आंतील बाजूस वडिलांनीं शिसपेन्सिलीनें चार आंकडे लिहिलेले आहेत. ७०० पुढें त्यांनीं "मोठें नको" असें बारीक अक्षरांत टिपलें आहे. त्याच्याखालीं आम्हीं "२० हर्ट्झ, २८०" एवढें लिहिलें.

काठवट झाली. काठ थोडा उथळ उतरला, पीठ बाहेर येतें, अशी आईची तक्रार आहे. दुसरी करावयाची तर फणसाचा वाळलेला ठोकळा हवा. तो अजून मिळाला नाहीं.