दोन दिवसांची राजधानी

वसईची खाडी ओलांडून आगगाडी उत्तरेकडे निघाली, की पहिले स्थानक लागते ते नायगावचे. खाडीकाठची मिठागरे, भाताची खाचरे आणि पूर्वेला चंडिकादेवीच्या डोंगराशी वसलेले जूचंद्र हे गाव, अशी या भागाची जुनी ओळख. मुंबईत मोकळी जागा दुर्मीळ झाली, तेव्हा दूरचित्रवाणी मालिकांची चित्रणगृहे इकडे आली. आता या परिसरात कधी राजवाडा उभा राहतो, तर कधी पऱ्यांची नगरी.

या राजवाड्याचा थाट काय वर्णावा! कोरीव खांब, संगमरवरी भासणाऱ्या पायऱ्या, भिंतींवर सोनेरी वेलबुट्टी. परंतु त्याच भिंतीच्या मागे गेले, की टेकू आणि खिळ्यांनी जोडलेल्या लाकडी फळ्या दिसतात. खांब वाजवून पाहावा, तर तो पोकळ निघतो. मालिका संपली, की सुतार येतात आणि राजधानी मोडून टाकतात. राजा आपल्या घरी जातो. सुतार दुसऱ्या राजासाठी नवी राजधानी उभारू लागतो.

कोणास वाटेल, की एवढे श्रम व्यर्थ गेले. परंतु याचे उत्तर जूचंद्रमध्येच सापडते. हे गाव रांगोळीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कलावंत चिमटीतल्या रंगांनी माणसांचे चेहरे असे हुबेहूब रेखाटतात, की पाहणाऱ्याला ते छायाचित्रच वाटावे. पुढे ती रांगोळी पुसली जाते. रंग जातात, हात मात्र अधिक तयार होतो. मराठी माणसाचा चित्रपट अशाच हातांनी वाढवला. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला.

नायगावहून वसईचा किल्ला फार दूर नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने मोठी प्राणहानी सोसून तो पोर्तुगिजांकडून जिंकला. चित्रपटवाल्यांना त्याच्याही भिंतींची भुरळ पडली. गोव्याची कथा सांगणाऱ्या ‘जोश’ (२०००) या चित्रपटाचे काही चित्रण येथे झाले. पडद्यावर किल्ला परके नाव धारण करतो. प्रेक्षकांत बसलेला वसईकर मात्र त्याच्या कमानी ओळखतो. या दगडावर कोणी आपले नाव कोरले, तर तो ओरखडा कोणत्याही सुताराला बुजवता येत नाही. एक भिंत मोडण्यासाठीच बांधलेली, दुसरी जपण्यासाठी मिळालेली. हा भेद ज्या गावाला कळतो, तेथे दोन्ही भिंती सुखाने नांदतात.