श्रीचक्र रेखण्याविषयी

चि. माधव यास,

तुझे पत्र पावले. नव्या देवघरासाठी पितळी श्रीयंत्राची, म्हणजेच श्रीचक्राची, तजवीज कोठून करावी, असे तू विचारतोस. पेठेत ते कोठेही मिळेल. परंतु नकाशे आखण्यात तुझा हात बसलेला असताना ते विकत आणण्याआधी तू एकदा स्वहस्ते रेखावेस, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण या आकृतीत जी उपासना आहे तिचा निम्म्याहून अधिक भाग तिच्या रेखाटनातच आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

शिवाचे चार ऊर्ध्वमुख व शक्तीचे पाच अधोमुख असे नऊ त्रिकोण एकमेकांत गुंतले की त्यांतून 43 लहान त्रिकोण निर्माण होतात. मध्यभागी बिंदू, सभोवती अष्टदल व षोडशदल पद्मे, आणि सर्वांना वेढणारे चार द्वारांचे भूपूर. हे वर्णन कोणत्याही पोथीत सापडते. रेखण्यातील कस निराळाच आहे. ‘सौंदर्यलहरी’ या स्तोत्राच्या टीकापरंपरेत सांगितलेल्या एका रीतीप्रमाणे वर्तुळाच्या उभ्या व्यासाचे 48 समान भाग करावयाचे, आणि वरून 6, 6, 5, 3, 3, 4, 3, 6, 6, 6 अशा अंतरांनी नऊ आडव्या रेषा ओढावयाच्या. त्यांपैकी तिसरी व सातवी तेवढ्या परिघापर्यंत अखंड राहतात. बाकीच्यांची टोके ठरल्या प्रमाणात दोहोंकडून खोडून मग तिरप्या भुजा जोडावयाच्या. जेथे तीन रेषा एकाच बिंदूत भेटावयाच्या त्या जागेला मर्म म्हणतात. एक भुजा केसभर ढळली की मर्माच्या ठिकाणी नको असलेला इवलासा त्रिकोण उघडतो, आणि तो मिटवावयास जावे तर दूरचे दुसरेच मर्म सुटते. कारण नऊही त्रिकोण परस्परांच्या आधाराने उभे असतात. उक्त मापांबरहुकूम आखूनही सारी मर्मे तंतोतंत जुळतातच असे नाही. पेन्सिलीचे टोक आणि नजर एका जागी खिळवून, श्वास रोखून बसल्यावाचून ही आकृती साधत नाही, आणि चित्ताची तीच अवस्था ध्यानासही हवी असते.

रेखताना चित्त जसे एका जागी येते, तसा पूजेचा संहारक्रमही बाहेरून आत जातो. त्रैलोक्यमोहन नावाच्या भूपुरापासून नवावे आवरण जो सर्वानंदमय बिंदू, तेथवर उपासक एकेक वेढा ओलांडीत जातो. कर्नाटक संगीतातील रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितांनी तिरुवारूरच्या कमलांबा देवीवर नवावरण कृती रचल्या त्या याच क्रमाने. या उपासनेच्या परंपरेत आपणां मराठी माणसांना अगत्य वाटावे असे नाव मात्र भास्कररायांचे. घराणे महाराष्ट्रीय, विद्या काशीची, आणि उत्तरायुष्यातील निवास तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने कावेरीकाठी, ज्या गावास आजही भास्करराजपुरम् म्हणतात तेथे. अठराव्या शतकातील या पंडिताने ‘वरिवस्यारहस्य’ व ‘सेतुबंध’ लिहिले, तसेच ‘भावनोपनिषदा’वर भाष्य केले. त्या उपनिषदात देह हेच श्रीचक्र मानून एकेका अवयवाच्या व वृत्तीच्या ठायी एकेक आवरणदेवता भावावयाची असते. मग धातूचा पत्रा नसला तरी अडत नाही. ज्या परंपरेने साधकाला येथवर नेऊन पोहोचविले, तिचे चिन्ह धनलाभाची हमी देणाऱ्या जाहिरातींत विकले जाताना पाहिले की मला मनस्वी दुःख होते.

तेव्हा एवढे कर. दोन वीत व्यासाचे वर्तुळ घे, म्हणजे 48 भाग सुखाने पडतील, आणि भुजा मधूनच न जोडता टोकापासून टोकापर्यंत एका दमात ओढ. विधिवत् पूजा मात्र गुरुमुखातून घेतल्याशिवाय आरंभू नकोस. रेखण्यास आणि बिंदूवर दृष्टी स्थिर करण्यास कोणाची आडकाठी नाही. पहिला कागद बिघडला तरी फाडू नकोस, टपालाने मजकडे पाठव. कोणते मर्म सुटले ते पाहून उलट टपाली कळवीन.

तुझा,
काका