भिंत विटांची की विटांचा अंगरखा?

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील सांगत आले. घर बांधताना पैशाची परीक्षा होतेच. पण त्याहून कठीण परीक्षा होते ती मनाची. घर राहण्यासाठी बांधावयाचे की लोकांनी पाहण्यासाठी, हा प्रश्न प्रत्येक घरधन्यापुढे कधी ना कधी उभा राहतो.

निपाणीच्या बाजूस, वेदगंगेच्या खोऱ्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. भिंती मातीच्या, दीड हात जाड; वर मंगलोरी कौले. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा फुगली आणि यमगर्णीजवळ पाणी चढून पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. त्या वेळी आमच्या मागच्या दोन खोल्यांच्या भिंती बुडापासून भिजल्या. त्या पडल्या नाहीत. पण त्यांना पोट आले. त्यांपैकी एका खोलीत आई निजत असे.

दुरुस्तीचा विचार निघाला, तेव्हा घरात दोन मते झाली. धाकटे बंधू म्हणाले, “साऱ्या घराला बाहेरून साडेचार इंची विटांचा थर चढवू. घर नव्यासारखे दिसेल.” पुतणीच्या लग्नाची बोलणी चालू होती, पाहुणे येणार होते. त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. तेवढ्याच पैशांत पूर्ण विटांचे बांधकाम करावयाचे, तर मागच्या दोनच खोल्या होत होत्या.

आमचे वृद्ध गवंडी म्हणाले, “अण्णा, माती पाणी पिऊन खचते, वीट खचत नाही. दोघींचे पटायचे नाही. पुढे आतली भिंत फुगली, तरी बाहेरून तुम्हांला कळायचेही नाही.”

ह्या बोलण्यात मोठे मर्म आहे. नऊ इंची भिंतीत एका थरातील विटा लांबीने बसतात, तर दुसऱ्या थरातील विटा आडव्या, भिंतीच्या आरपार जातात. त्यामुळे सारी भिंत एकजीव होऊन छपराचा भार पेलते. अंगरख्याच्या विटा मात्र कोणताही भार घेत नाहीत. भार पूर्वीच्याच दुबळ्या भिंतीवर राहतो. फक्त तिचे दुखणे झाकले जाते.

नुसती जाडी म्हणजे बळकटी नव्हे, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दाखविले. तेथील दगडमातीच्या भिंती चांगल्या रुंद होत्या. परंतु आतला आणि बाहेरचा पडदा सांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. धक्का बसताच दोन्ही पडदे फाकले, वरची जड माळवदे कोसळली आणि हजारो माणसे दगावली.

विटांचा बाह्य थर सर्वत्रच वाईट, असे मात्र नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत अशी पुष्कळ घरे आहेत. तेथे छपराचा भार लाकडी सांगाडा घेतो. विटांचा थर धातूच्या पट्ट्यांनी त्याला जखडतात, मध्ये हवेसाठी फट ठेवतात आणि आत शिरलेले पाणी निघून जाण्यास तळाशी छिद्रे ठेवतात. आपल्याकडेही सिमेंटच्या खांब-तुळयांचे घर असेल, तर साडेचार इंची भिंत चालते. कारण भार खांबांवर असतो. म्हणून बांधण्यापूर्वी एकच विचारावे: छपराचा भार कोण घेणार?

अखेरीस बंधूंनाही ते पटले. २०२० च्या दिवाळीनंतर मागच्या दोन्ही खोल्या उतरवून दगडी जोते उंच केले आणि त्यावर नऊ इंची भिंती घेतल्या. एकमेकींवर आपटता खणखणणारी आणि नखाने ओरखडा न उठणारी वीटच निवडली. बांधण्यापूर्वी विटा भिजविल्या आणि नंतर भिंतींना पुरेसे दिवस पाणी मारले. पुढची मातीची भिंत कोरडी नि धड होती. ती सारवून तशीच ठेवली. पाहुणे आले, त्याच सोप्यात बसले आणि लग्न जमले.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्या रात्री आई आपल्या खोलीत स्वस्थ निजली होती.

वाचकहो, पैसा थोडा असेल तर घर थोडेच बांधा. परंतु जेवढे बांधाल, तेवढे आतबाहेर एक असू द्या.