अमूनचे देऊळ आणि कुर्न्याची घरे

वकिलीच्या व्यवसायाने दृष्टीला एक खोड जडते. भव्य वास्तू समोर आली की तिच्या सौंदर्याआधी तिच्या मालकीचा प्रश्न मनात उभा राहतो. इजिप्तमध्ये नाईलकाठच्या लक्सर नगरीत हिंडताना माझे असेच झाले.

आपल्या कायद्यात देवस्थानाचा मालक देव असतो. महाजन व पुजारी हे केवळ व्यवस्थापक. प्राचीन इजिप्तमध्येही अमून देवाच्या नावे अफाट जमिनी होत्या. पुढे ते दैवत गेले, पूजक गेले. आणि मालकाची ती रिकामी जागा अखेर शासनाने घेतली. १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरातन वस्तू ही सार्वजनिक मालमत्ता ठरली व तिचा व्यापार बंद झाला. परदेशी संग्रहालयांत या भूमीचे किती धन गेले हे ध्यानी घेता तो कायदा रास्तच म्हटला पाहिजे. तथापि मालकी ठरल्याने तेथे राहणाऱ्या माणसाचे त्या दगडांशी असलेले नाते ठरत नाही.

लक्सरच्या देवळातच पाहा. त्याच्या पहिल्या प्रांगणात अबू अल्-हज्जाज या सूफी संताची मशीद आहे. शतकानुशतके गाळमाती साचून देऊळ बुजले, त्यावर वस्ती झाली आणि त्या उंचीवर मशीद उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी माती उपसली, घरे हलविली. मशीद मात्र राहिली. तिचा जुना दरवाजा आज भिंतीत उंचावर अधांतरी दिसतो. खाली प्रवासी शिल्पे न्याहाळीत असतात आणि वर नमाज चाललेली असते. संताच्या वार्षिक उत्सवात मिरवणुकीत नावा निघतात. पूर्वी ओपेत उत्सवात अमूनची नौका कर्नाकहून वाजतगाजत याच देवळी येई. हा धागा सलग आहे की नाही याविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु पालखीचे उत्सव पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याला ते दृश्य परके वाटणे कठीण.

नदीपलीकडील कुर्न्याची कथा इतकी सुखद नाही. तेथे प्राचीन सरदारांच्या थडग्यांवरच लोकांची घरे होती. उत्खननात मजुरी करावी, प्रवाशांना वाट दाखवावी, दगडी मूर्ती घडवून विकाव्यात, असा त्यांचा चरितार्थ. थडगी फोडणारेही त्यांच्यात होते. राजांच्या दडविलेल्या शवांचा ठाव अब्द अल्-रसूल कुटुंबाला ठाऊक असल्याचे १८८१ मध्ये उघड झाले. म्हणून १९४० नंतरच्या दशकात हसन फतही या वास्तुशिल्पज्ञाने त्यांच्यासाठी कच्च्या विटांचे, घुमटांचे सुरेख गाव रचले. बहुतेकांनी तेथे जाण्याचे नाकारले. अखेर २००६ पासून जुनी घरे पाडण्यात आली. सांडपाणी मुरून थडग्यांतील चित्रे नासतात, हे शासनाचे म्हणणे खोटे नव्हते.

निवाडा करण्यास मला सांगितले असते, तर चित्रांचे रक्षण मी प्रथम मानले असते. पण वहिवाटीच्या दाव्यांत मी पाहिले आहे की, घर सोडणारा भरपाईचा आकडा ऐकून घेतो आणि मग हळूच विचारतो, अंगणातल्या तुळशीचे काय? कुर्न्याच्या माणसालाही नवे घर मिळाले. पण दारी येणारा प्रवासी व त्यावर चालणारी चूल मागेच राहिली. थडग्यांच्या रक्षणासाठी त्याला उठविणे भागच होते, तर त्या रक्षणाच्या कामातच त्याला कायमचा वाटा देणे हे मी निवाड्याचे दुसरे कलम केले असते.