सात मिलिमीटरवरची श्रद्धा

थंड पाण्यातल्या डायव्हिंगच्या सुटाबद्दल लिहा, पण सोपं लिहा, असं संपादकांनी बजावलं आहे. सोपंच सांगायचं तर सूट अंगाला घट्ट बसला पाहिजे. लेख इथेच संपायला हरकत नव्हती. पण गेल्या वसंतात इकडे कॅलिफोर्नियात, माँटेरेला आलेले पुण्याचे एक गृहस्थ डोक्यातून जात नाहीत.

तारकर्लीला डायव्हिंग शिकलेला हा धीट माणूस. माँटेरेचं पाणी 10 ते 14 अंशांचं, आणि ऐन वसंतात सगळ्यात गार. वायव्येचा वारा वरचं पाणी आत समुद्रात लोटतो, तळातलं गार पाणी वर येतं. गृहस्थांनी मित्राचा सूट आणला होता, दोन मापं मोठा. मी नको म्हटलं. “सर, सात एमएम आहे!” म्हणत ते दुसऱ्या डायव्हरबरोबर पाण्यात उतरले आणि थोड्याच वेळात कुडकुडत वर आले. दोष मात्र अजून समुद्रालाच देतात.

सुटाच्या जाडीवरची ही श्रद्धा एका जुन्या गैरसमजावर उभी आहे: सुटात शिरलेलं पाणी अंगाने तापतं आणि तेच ऊब देतं. शिकवणारेसुद्धा हेच सांगतात, तेव्हा माझा संयम सुटतो. अहो, पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने उष्णता ओढून नेतं, ते कसली ऊब देणार? ऊब राखतात ते सुटाच्या निओप्रीन रबरातले वायूचे बुडबुडे. अणुबाँबच्या प्रकल्पात काम केलेले बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी 1951च्या सुमारास नेमकं हेच ओळखलं: वायू उष्णता अडवत असेल, तर अंग भिजलं तरी चालतं. आतलं पाणी तापतं ते तुमच्याच उष्णतेवर. ते निसटलं आणि नवं गार पाणी आलं, की तापवण्याचा खर्च पुन्हा तुमचाच. ढगळ सुटात हे प्रत्येक हालचालीला होतं.

आता बॉइलचा नियम टाळता येत नाही, क्षमा करा. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, 30 मीटरवर चौपट. त्या प्रमाणात बुडबुडे आकसतात, सूट पातळ होतो आणि तरंगण्याचं बळही घटतं. म्हणजे दुकानातले 7 मिलिमीटर खोल पाण्यात, जिथे त्यांची खरी गरज, तिथे 7 उरतच नाहीत. जुना, अनेकदा दबलेला सूट तर आधीच चपटा झालेला असतो.

म्हणून सूट घालून हात वर करा, उकिडवे बसा. कमरेच्या खोलगट भागात, काखेत किंवा जांघेत पोकळी जाणवली तर सूट परत ठेवा. मानेशी बोट सहज फिरलं तरीही. शिवणी पाहा: आरपार टाके असतील तर पाणी येणारच, चिकटवून अर्ध्या जाडीपर्यंतच टाके घातलेली शिवण घ्या. हूड सुटालाच जोडलेलं असेल तर उत्तम.

इतकं करूनही थंडी वाजतेच, फक्त उशिरा. कुडकुडी भरली की टाकीत हवा असली तरी वर यायचं; बधिर बोटांना जॅकेटमध्ये हवा भरायचं बटणही सापडत नाही.

पाणी 10 अंशांखाली गेलं की मी या भिजणाऱ्या सुटाचं, वेटसूटचं, नाव काढत नाही. तिथे पाणी आत न घेणारा ड्रायसूट, त्याचं वेगळं प्रशिक्षण, वेगळा खर्च. तो आकडा ऐकला की समोरचा हळूच विचारतो, “मग नऊ एमएम मिळतो का हो?”