दुपारी दोनचा वेग

जमीनमोजणीचा खरा हंगाम उन्हाळा. रब्बी निघालेली असते, रान मोकळं होतं, बांध उघडे दिसतात. त्यामुळे विदर्भात पारा 45 अंशांना टेकतो तेव्हाच आमचा मुक्काम शेतात असतो. तो पाराही सावलीतला. रोव्हरच्या, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या यंत्राच्या, काठीला लावलेला कंट्रोलर मात्र भर उन्हात तापत असतो.

कंट्रोलर म्हणजे जाड रबरी कडांचा, एका हातात धरता येणारा संगणक. उपग्रहांवरून जागा काढण्याचं गणित काठीच्या माथ्यावरचा रिसीव्हर करतो. कंट्रोलर ते आकडे घेतो, गावनकाशावर बिंदू दाखवतो, नोंद साठवतो. गणित वर होतं म्हणून कंट्रोलरचा प्रोसेसर कसाही चालतो, असं आमच्यातले बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. शेकडो गटांचा नकाशा उघडून एक बांध जवळून पाहायचा, तर प्रत्येक रेघ पुन्हा काढावी लागते, आणि ते काम कंट्रोलरच्याच प्रोसेसरचं. हद्दीचा वाद असलेले दोन्ही लगतधारक शेजारी उभे असतात. पडदा अडकला की एक जण दुसऱ्याकडे बघतो, मग दोघंही माझ्याकडे. ‘साहेब, मशीन काय म्हणतंय?’ त्या वेळी मोजणीवरचा विश्वास त्या पडद्यावर टांगलेला असतो.

ही यंत्रं आयपी67 दर्जाची असतात. म्हणजे आत धूळ जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिली तरी बिघडत नाहीत. पण धूळ येऊ नये म्हणून सगळं बंद केलं की पंख्यालाही जागा उरत नाही. चिपची उष्णता अंगातूनच बाहेर पडायची, आणि ते अंग उन्हानं आधीच तापलेलं. मग चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. विजेचा खप वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात. म्हणून दोन्ही थोडे खाली आणले तरी उष्णता बरीच कमी होते. चिपच्या दृष्टीनं हे शहाणपणच आहे. मात्र माहितीपत्रकात छापलेले गिगाहर्ट्झ तेव्हा हाती लागत नाहीत. ‘60 अंशांपर्यंत चालेल’ याचा अर्थ यंत्र बंद पडणार नाही एवढाच. त्या तापमानात पूर्ण वेगानं चालेल, असं तिथे कुणी लिहिलेलं नसतं.

ट्रिम्बलचा जुना टीएससी2 मला म्हणूनच आवडायचा. 520 मेगाहर्ट्झचा एक्सस्केल प्रोसेसर, विंडोज मोबाइल. मोठी फाइल दिली की थांबायला लावायचा. पण सकाळी जेवढा थांबवायचा तेवढाच दुपारी. त्याची चाल ओळखीची होती, त्यामुळे कामाची आखणी करता यायची. नवी यंत्रं सकाळी त्याच्या कितीतरी पुढे असतात. तोच जोम दुपारी टिकला पाहिजे, ही माझी अपेक्षा.

तोपर्यंत काही गोष्टी आपल्या हातात आहेत. अख्खं गाव भरू नका. मोजायचा गट आणि त्याच्या लगतचे गट तेवढे कापून घ्या. रंगभरणी आणि नावांचे थर बंद ठेवा. उन्हात पॉवर बँक लावू नका. चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते, आणि साधारण 45 अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणं तिच्या जिवाला घातक असतं. आणि छत्री धरा. जुनी मंडळी लेव्हलवर छत्री धरायची, कारण ऊन एका बाजूनं लागलं की बुडबुडा सरकतो. ती रीत मोडू नये असं मला मनापासून वाटतं.

नवा कंट्रोलर घ्यायचा असेल तर एसीतल्या टेबलावर पसंत करू नका. विक्रेत्याला मे महिन्यात शेतावर बोलवा, आपला सगळ्यात जड नकाशा त्यात भरा, यंत्र दोन तास उन्हात चालवा आणि मगच पैशांचं बोला.