कापूस आणि तिचीं पिलें

आमच्या मराठी भाषेंत 'ससा' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या प्राण्यांचें ओझें वाहत आहे. माळरानावर दिसणारा करड्या रंगाचा, लांब पायांचा रानससा हा एक. आणि बाजारांत पिंजऱ्यांत बसून कोथिंबीर खाणारा पांढरा ससा हा दुसरा. पहिला मूळचा ह्याच देशचा; सिंहाला विहिरींत उडी मारावयास लावणारा तो हाच. दुसऱ्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे. मनुष्यानें त्यास पाळून जगभर नेलें. रानसशाची मादी उघड्यावर, गवतांतच प्रसवते, आणि तिचीं पिलें जन्मतःच अंगावर केंस व उघडे डोळे घेऊन येतात. पाळीव ससा मूळचा बिळांत राहणारा. त्याचीं पिलें उघडीं, आंधळीं व बहिरीं जन्मतात. हा भेद आम्ही वर्गांत फळ्यावर अनेकदां लिहिला असेल. परंतु तो आमच्या चिंचपोकळीच्या बिऱ्हाडीं, मोरीशेजारच्या खोक्यांत येऊन पडेल, ही कल्पना आम्हांस नव्हती.

धाकट्या कन्येच्या नवव्या वाढदिवसास हा ससा घरीं आला. "नर आहे, निर्धास्त न्या," असें विक्रेत्यानें सांगितलें होतें. ज्या वस्तींत एके काळीं गिरणीच्या भोंग्यावर घरोघरीं दिवस उगवे, तेथें शुभ्र प्राण्यास 'कापूस' ह्याहून शोभणारें नांव कोणतें? शेजारच्या आजोबांनींच तें सुचविलें. त्यांनीं उमेदीचीं वर्षें साच्यावर काढलीं, आणि १९८२ च्या संपानंतर पुन्हा साचा पाहिला नाहीं.

तीन आठवडे गेले. मग कापूस वाळलें गवत तोंडांत धरून खोक्याच्या कोपऱ्यांत नेऊं लागला, आणि एके सायंकाळीं स्वतःच्या गळ्याखालचे व पोटावरचे केंस उपटूं लागला. आजोबा दारांत उभे राहून म्हणाले, "मास्तर, तुमचा कापूस स्वतःच स्वतःला पिंजतोय."

दुसऱ्या दिवशीं पहाटें धाकटीनें आम्हांस उठविलें तें तळहातावर एक गुलाबी, बोटाएवढें पिलूं घेऊन. केसांच्या त्या ढिगांत आणखी सहा होतीं. सशिणीचा गर्भकाळ सुमारें एकतीस दिवसांचा, आणि कापूस घरीं येऊन बावीस दिवस झालेले. वजाबाकी सोपी होती. त्या दिवसापासून घरांत 'तो' ची 'ती' झाली. नांव मात्र पुल्लिंगीच राहिलें. व्याकरणाच्या शिक्षकाच्या घरीं हें बरें दिसत नाहीं, पण इलाज नाहीं.

खरी काळजी नंतर सुरू झाली. कापूस पिलांकडे फिरकेना. दिवसभर ती खोलीच्या दुसऱ्या टोंकास बसून कोबीचीं पानें चघळीत होती. मांजर आपल्या पिलांस कुशींत घेऊन बसते, कोंबडी पंखांखालीं घेते. ही आई म्हणजे जणूं पाहुणीच. दुसऱ्या सकाळीं सातांपैकीं एक पिलूं खोक्याबाहेर फरशीवर थंडगार पडलेलें आढळलें. चाळींत बातमी पसरण्यास वेळ लागत नाहीं. सज्ज्यांत बायकांचा एकच निर्णय झाला: माणसाचा हात लागला कीं आई पिलूं टाकते. बोलणाऱ्यांच्या मनांत वाईट कांहींच नव्हतें. परंतु हात कोणाचा लागला होता, हें आमच्या घरांत सर्वांस ठाऊक होतें. धाकटी त्या दिवशीं जेवली नाहीं. रात्रीं अंथरुणांतून तिनें विचारलें, "पप्पा, माझ्यामुळें मेलें का?"

ह्या प्रश्नास 'नाहीं' म्हणणें कोणत्याही बापास सोपें आहे. पण मूल तें उत्तर मायेचें समजतें, खरें समजत नाहीं. म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्ही तिला घेऊन परळास गेलों. चिंचपोकळीपासून करी रोड आणि मग परळ, अशीं दोनच स्थानकें. तेथें बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकांत दिनशा माणेकजी पेटिट ह्या गिरणीमालकानें आपल्या पत्नीच्या नांवें तें दानांतून उभें केलें. मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालयही १८८६ मध्यें ह्याच परळांत सुरू झालें.

तेथील डॉक्टरबाईंनीं आमच्याशीं न बोलतां थेट मुलीशींच बोलणें केलें, हें आम्हांस फार आवडलें. "मेलेलें पिलूं सांपडलें कोठें?" हा त्यांचा पहिला प्रश्न. खोक्याबाहेर, असें कळल्यावर त्यांनीं सांगितलें कीं, दूध पितां पितां एखादें पिलूं आचळास लोंबकळून राहतें आणि आई उडी मारून निघाली कीं तिच्याबरोबर बाहेर पडतें. मांजर पिलूं तोंडांत धरून जागेवर आणते; सशीण तसें करीत नाहीं. अंगावर केंस नसलेलें तें पिलूं भावंडांच्या ऊबेपासून दूर पडलें कीं थोड्याच वेळांत गारठतें. घरच्या माणसांच्या हाताची संवय झालेली सशीण हात लागला म्हणून पिलें टाकीत नाहीं. "रात्रीं तूं जागी असतीस, तर तुझ्याच हातानें तें वांचलें असतें," बाई म्हणाल्या. "बाहेर पडलेलें पिलूं परत ठेवायला माणसाचाच हात लागतो. फक्त तो स्वच्छ आणि उबदार असावा."

आणि आई जवळ कां बसत नाहीं? तिचें दूध इतकें स्निग्ध व दाट असतें कीं चोवीस तासांत एकदां, फार तर दोनदां पाजलें तरी पुरतें. रानांत ती बिळाचें तोंड मातीनें बुजवून दूर निघून जाते. ती तेथेंच घोटाळत राहिली तर तिच्या वासावर कोल्ह्यास घर सांपडावयाचें. आमच्या चाळींत कोल्हे नाहींत. बोके व घुशी मात्र आहेत, आणि कापसानें त्यांचा हिशेब स्वतःपुरता केला असावा. गाईचें दूध पाजूं नका, असें बाईंनीं बजाविलें. रोज सकाळीं पोटें पाहावयाचीं: टम्म असलीं तर पिलूं भरलें, सुरकुतलेलीं असलीं तर उपाशी.

त्या रात्रीं धाकटी व आम्ही दिवा मालवून बसलों. पहाटें चारच्या सुमारास कापूस उठली, खोक्यांत शिरली आणि पिलांवर चारी पाय रोवून उभी राहिली. चुपचुप असा बारीक आवाज आला. घड्याळानें चार मिनिटें. मग उडी मारून ती पुन्हा आपल्या कोपऱ्यांत. धाकटीनें बॅटरीच्या उजेडांत सहा पोटें पाहिलीं. पांच टम्म होतीं.

सहावें सर्वांत लहान. इतर पांच जणांच्या रेटारेटींत त्याच्या वाट्यास आचळ येईना. डॉक्टरबाईंच्या सल्ल्यावरून रोज पहाटें इतरांस टोपलींत वेगळें ठेवून ह्यास आधीं आईखालीं लावावयाचें, असा नेम सुरू झाला. आजोबांनीं ह्याचें नांव 'पेळू' ठेविलें. स्वयंपाकघरांतील काट्यावर पेळू दहाव्या दिवशीं ऐंशी ग्रॅम भरला. त्याचीं भावंडें दीडशेच्या घरांत गेलीं होतीं. अकराव्या दिवशीं त्याचा एक डोळा उघडला, बाराव्या दिवशीं दुसरा. तिसऱ्या आठवड्यांत सहाही पिलें पुस्तकांच्या फडताळाखालीं सांपडूं लागलीं.

येथें गणिताचा प्रश्न उभा राहिला. इटलीच्या फिबोनाचीनें १२०२ सालीं आपल्या ग्रंथांत सशांच्या एका जोडीचा हिशेब मांडला, तो वर्षाअखेर ३७७ जोड्यांवर जातो. (तीच संख्यामालिका आचार्य हेमचंद्रांनीं छंदःशास्त्रांत त्याच्याही आधीं मांडली होती, हें वर्गांत सांगितलें कीं मुलें खुश होतात.) ऑस्ट्रेलियांत १८५९ सालीं एका जमीनदारानें शिकारीसाठीं दोन डझन ससे सोडले आणि पुढें त्या देशाचीं कुरणें उजाड झालीं. सशीण व्याल्या दिवशींही पुन्हा गर्भ धरूं शकते. आमचें बिऱ्हाड तर दोन खोल्यांचें. तेव्हां बाईंकडून नर-मादी ओळखून घेणें, तीन महिन्यांच्या आंत त्यांस वेगळें करणें आणि कापसाची शस्त्रक्रिया, हीं तिन्हीं कामें ठरविलीं.

आठ आठवडे झाल्यावर पेळू वगळून पांच पिलें द्यावयाचीं ठरलीं. शाळेंतून चौदा मागणीदार आले. पालकांची संमति आम्ही पाहत होतों. परीक्षा मात्र धाकटी घेत होती. तिचा प्रश्न एकच: पिलूं खोक्याबाहेर पडलेलें दिसलें तर काय कराल? आठ आठवड्यांचें पिलूं खोक्याबाहेरच हिंडतें, हें आम्हीं तिला सांगून पाहिलें. तिनें प्रश्न बदलला नाहीं. सातवींतील एक मुलगा मोठ्या नम्रतेनें म्हणाला, "मी हात लावणार नाहीं." त्यास तिनें हात हालवीत परत पाठविलें. पुढच्या शनिवारीं तो पुन्हा आला, हात धुऊन, बाह्या वर करून. आणि शेवटचें पिलूं त्यास मिळालें.